बोट लागू नये म्हणून

समुद्र एकदाही न पाहता समुद्राची जय्यत तयारी केलेला माणूस सबंध दख्खनच्या पठारावर एकच झाला असेल, आणि तो म्हणजे आमचे काका. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. सोलापुरात जन्मले, सोलापुरातच वाढले आणि एका मिलच्या गोदामात कापडाच्या ठाणांवर शिक्के मारून घेण्याच्या कामावर लागले. त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं. तेही उन्हाळ्यात इतकं आटायचं, की म्हशींना बसायला जागा शोधावी लागे. पण पाणी असो, ऊन असो, नाहीतर परीक्षा असो, कुठल्याही गोष्टीला आधीपासून तयार राहिलं की ती गोष्ट आपलं काही वाकडं करत नाही, अशी काकांची श्रद्धा होती. “ओळख करून घ्यावी,” ते म्हणायचे, “ओळखीचं माणूस एकदम अंगावर येत नाही.”

म्हणून माघ महिन्यातच ते भर दुपारी उघड्या डोक्यानं गच्चीवर जाऊन उभे राहायचे. का, तर पुढे वैशाखातलं ऊन येणार आहे, त्याच्याशी बोलणं झालेलं बरं. मला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा आठवडाभर रोज सकाळी घरातच हजेरी घेतली. मी ‘हजर’ म्हणायचे, मग स्वयंपाकघरातून आई ‘हजर’ म्हणायची, मग स्वतः काका ‘हजर’ म्हणायचे. माझा धाकटा भाऊ बाळू याचं जावळ काढायचं होतं, तर महिनाभर आधीपासून काका त्याच्या पाळण्याभोवती कात्री वाजवत फिरले. प्रत्यक्ष जावळाच्या दिवशी बाळू कात्री ऐकून खुदकन हसला आणि न्हावी घाबरला. काकांचं लग्न झालं नव्हतं. “त्याचीही तयारीच पुरी व्हायची आहे,” असं वडील म्हणत, आणि काका त्यावर गंभीरपणे मान हलवत.

आईवर त्यांची फार माया. ती लग्न होऊन कोकणातून आमच्याकडे आली, तेव्हा काका नुकते कुठे इंग्रजी शाळेत जाऊ लागले होते आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. समुद्रकाठची ती मुलगी या रखरखीत गावात आली आणि पोरक्या दिराला गरम भाकरी वाढू लागली. तेव्हापासून ‘वहिनी म्हणते’ हे काकांचं शेवटचं प्रमाण. त्यापुढे वडिलांचंही चालत नसे.

ती आई त्या वर्षी दसऱ्यापासून माहेरी होती. अंगात ताप मुरला होता, खोकला राहत नव्हता. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली म्हणून आजोबा तिला घेऊन गेले होते. संक्रांतीच्या सुमाराला तिचा एक चुलतभाऊ कामासाठी सोलापुरात आला आणि तिचा निरोप घेऊन घरी आला. मुलांची आठवण येते, पण त्यांना आणू नका, असा निरोप होता. त्याला कारणही तसंच होतं. आदल्या खेपेला आम्ही मुंबईहून आगबोटीनं तिच्या माहेरी गेलो, तेव्हा बाळूला बोट लागली होती ती अशी, की ओकून ओकून पोर निपचित पडलं आणि आईनं त्याला पोटाशी धरून हंबरडा फोडला होता. “पुन्हा त्याचे ते हाल नकोत म्हणते,” चुलतमामा म्हणाले.

वडिलांना मिलमधून रजा मिळत नव्हती. काकांनी मात्र पानातला भात संपवला, चूळ भरली आणि जाहीर केलं, “शाळेला सुट्टी लागली की मी मुलांना घेऊन जातो. बोट लागणार नाही.”

“तुला बोट माहीत आहे का?” वडिलांनी विचारलं.

“अजून चार महिने आहेत,” काका म्हणाले.

त्या चार महिन्यांत काकांनी गाव पालथं घातलं. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. त्याला सगळे अप्पा म्हणत. त्याचा सल्ला असा, “आदल्या दिवसापासनं पोटात काय बी घालू नका की वो. भांडंच रिकामं, तर सांडंल काय?” हे काकांना पटलं. पण टांगेवाले चाचा हजला जाऊन आलेले, म्हणजे आमच्या गल्लीत समुद्र ओलांडून आलेला तेवढाच एक मोठा माणूस. ते म्हणाले, “अजी सायब, बच्चों कू खाली पेट नक्को बिठाव. खाली पेट में समंदर घुसताय.” हेही काकांना पटलं. दोघांचाही मान राखायचा म्हणून त्यांनी निर्णय दिला, की पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरायचंही नाही. थोड्या थोड्या वेळानं कडक भाकरीचा तुकडा तेवढा चघळायचा, तेलकट शिवायचं नाही, आणि आल्याची मीठ लावलेली चकती गालात धरायची. त्या दिवसापासून आमचे गाल एका बाजूनं फुगलेले असत. शाळेत बाईंना वाटे, पोरीला दाताचं काहीतरी झालंय.

मग आम्हाला हलण्याची ओळख करून देणं सुरू झालं. माजघरातल्या झोपाळ्याच्या एका बाजूच्या कड्या काकांनी आखूड केल्या. त्यामुळे तो पुढे-मागे जाण्याऐवजी लंगड्या घोड्यासारखा कसाही झुलू लागला, आणि आलेला पाहुणा बसला की घाबरून उठू लागला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत काकांनी आम्हाला रहाटपाळण्यात बसवलं आणि खालून ओरडून सांगितलं, “वर नेऊन थांबवा, आणि जरा हलवा!” पाळणेवाला हातातला दांडा सोडून बघतच राहिला. “सायेब, समदी लोकं हळू फिरवा म्हनत्यात, तुमी हलवा म्हनताय व्हय?” स्वतः काका पाळण्यात बसले नाहीत, झोपाळ्यावरही बसले नाहीत. “माझं काय, मी मोठा माणूस,” असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता, आणि तो पुन्हा काढण्याचं आम्हा कोणालाही सुचलं नाही.

रविवारी होटगीच्या वाटेवर बैलगाडीत उलट्या तोंडानं बसवून न्यायचे. खड्ड्यांनी आतडी वर-खाली व्हायची. “पायाकडे बघायचं नाही. लांब बघा. जमीन आणि आभाळ मिळतंय तिथं बघा,” काका गाडीच्या मागून चालत सांगायचे. आमच्याकडे बघायला दुसरं होतं तरी काय? ज्वारी काढून झालेली काळी रानं, एखादं मेंढ्यांचं खांड, आणि मग नुसतं आभाळ. बाळू त्या रेघेकडे बघत बघत माझ्या मांडीवर झोपून जायचा. काका खूष व्हायचे. “झोपला! म्हणजे याची ओळख पटली.”

शिवाय घरात ‘बोट लागली’ हे शब्द उच्चारायला बंदी झाली. दुखणं पोटात नसतं, कानातून शिरतं, असं काकांचं नवं मत झालं होतं. बाळूनं एकदा फार विचार करून विचारलं, “काका, बोट धक्क्याला लागली असं तरी म्हणायचं का?” काकांनीही तेवढाच विचार केला. “तिला तिथं लागू दे,” ते म्हणाले.

अखेर वैशाखात आम्ही निघालो. रेल्वेनं मुंबई, तिथं ओळखीच्यांकडे एक मुक्काम, आणि सकाळी भाऊचा धक्का. आगबोटीचा भोंगा आमच्या मिलच्या भोंग्यासारखाच वाजला, त्यामुळे बाळूला ती घरचीच वाटली. काकांनी गर्दीतून वाट काढत बोटीच्या बरोबर मधोमध, वारा तोंडावर येईल अशी जागा धरली, घोंगडी अंथरली आणि आम्हाला किनाऱ्याकडे तोंड करून बसवलं. “डोंगराकडे बघायचं. लाटांकडे बघायचं काम बोटीचं आहे.”

मुंबई मागे पडली आणि बोट डोलू लागली. चहूबाजूंना लोक आडवे झाले. कोणी लिंबू हुंगत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं. आम्ही दोघं गालात आलं धरून डोंगर बघत होतो आणि आम्हाला काहीसुद्धा होत नव्हतं. इतक्यात काका एकाएकी उठले. “मी जरा कप्तानाला भेटून येतो,” म्हणाले.

बऱ्याच वेळानं आले. तोंड धुतलेलं होतं. “काय म्हणाला कप्तान?” बाळूनं विचारलं.

“म्हणाला, सोलापूरची मुलं फार धीराची दिसतात.”

बाळूची छाती फुगली. थोड्या वेळानं काका पुन्हा कप्तानाकडे गेले. या खेपेला बातमी अशी, की कप्तानालाही बाळूएवढा मुलगा आहे, पण त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. तिसऱ्यांदा आले ते बोडक्यानं. त्यांची काळी टोपी कुठे दिसेना. “कप्तानाला फार आवडली,” काका खाली बसत म्हणाले, “देऊन टाकली.” आणि बसले न बसले तोच पुन्हा उठले. कप्तानाला टोपी कशी घालायची ते सांगायचं राहिलं होतं म्हणे.

आता मलाही तो कप्तान बघावासा वाटू लागला. बाळूला शेजारच्या बाईंजवळ बसवून मी मागच्या बाजूला गेले. तिथं कप्तान नव्हता. काका दोन्ही हातांनी कठडा धरून समुद्रावर वाकले होते, आणि एक म्हातारी कोकणी बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. म्हातारीनं ओंजळीत पाणी ओतलं. “बाबा, उभा कशाला राहतोस? पोरांजवळ जाऊन आडवा हो जरा.”

“नको आजी,” काका धापा टाकत म्हणाले, “मला असं बघितलं तर त्यांनाही होईल. पोरं त्यांच्या आईकडे चालली आहेत. आजारी आहे ती. तिला पोरं हसताना दिसायला हवीत.”

मी तशीच मागे फिरले आणि घोंगडीवर येऊन बसले. काका आले. कपाळावरचे ओले केस त्यांनी नीट मागे सारले होते. बाळूनं काही विचारायच्या आत मीच विचारलं, “कप्तान काय म्हणाला, काका?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हणाला, आता फार लांब नाही.”

आईच्या गावाला बोट खोल पाण्यातच थांबायची आणि छोट्या पडावातून किनाऱ्यावर जावं लागायचं. वाळूत आजोबा उभे होते, आणि त्यांच्याशेजारी एका खुर्चीत शाल पांघरून आई बसली होती. मी तिला एकदम ओळखलं नाही, इतकी ती वाळली होती. बाळूनं ओळखलं. तो गुडघाभर पाण्यातून धावत सुटला. “आई, मला बोट नाही लागली! ताईला पण नाही लागली! आणि काकांनी टोपी कप्तानाला दिली!”

आईनं त्याला कवटाळलं, त्याचे गाल चाचपले, माझी हनुवटी धरून नीट न्याहाळलं. मग तिची नजर मागून येणाऱ्या काकांकडे गेली. बोडकं डोकं, सुकलेला चेहरा, भिजलेलं धोतर, आणि पाय वाळूवर असे पडत होते, की जणू वाळूच डुलत होती. तिला सगळं कळलं असावं. ती पदर तोंडाशी नेऊन हसू लागली. हसता हसता तिला खोकला आला, तरी ती हसतच राहिली. आजोबांनी तोंड फिरवून डोळे पुसले. दसऱ्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

“भावजी, बसा ना,” ती म्हणाली.

“नको वहिनी,” काका म्हणाले, “बसलो तर उठायचा नाही.” आणि ते वाळूत बसलेच.

पावसापूर्वीच्या शेवटच्या बोटीनं आम्ही परत निघालो. त्या बोटीवर काका सरळ आमच्याशेजारी आडवे झाले. मी त्यांच्या कपाळाला ओलं फडकं लावलं, बाळूनं पाय चेपले, आणि कप्तानाचं नाव कोणीच काढलं नाही.

श्रावणात आई गेली. बोटी बंद होत्या. तार आल्यावर वडील घाटानं निघाले, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काका पुढे खूप वर्षं जगले, अनेक गोष्टींची तयारी करत राहिले, पण त्या प्रवासाबद्दल आपण होऊन कधी बोलले नाहीत.

बाळू आता नातवंडांत रमला आहे. आईबद्दल त्याला विचारलं, तर सोलापूरच्या घरातलं काहीच आठवत नाही. ती गेली तेव्हा तो फारच लहान होता. त्याला आठवते ती एकच दुपार. आजोळच्या पडवीत आई खांबाला टेकून बसली आहे, आंबा पिळते आहे, आणि कोय त्याच्या हातात देऊन म्हणते आहे, “सावकाश, सदऱ्यावर सांडेल.” एवढंच. तो ते प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगत असल्यासारखं सांगतो, आईचा आवाज काढून सांगतो. मीही तिथंच बसले होते, मला ती दुपार त्याच्याहून अधिक आठवते. पण मी मध्ये बोलत नाही. त्याला सांगू देते.