टाकीच्या तोंडातून जाईल एवढं अंग

त्या दिवशी सकाळी हे टाकीत उतरले आणि अंधार पडायच्या आधी वारले. मध्ये फक्त एक दुपार होती.

हे म्हणजे माझे मिस्टर. इमारतींच्या गच्चीवर सिमेंटच्या पाण्याच्या टाक्या असतात ना, त्या धुवायचं काम करायचे. हे आणि माझे धाकटे दीर. मी त्यांना भावोजी म्हणते. हे आत उतरून गाळ काढायचे, भिंती घासायचे. भावोजी वर थांबून मोटर लावायचे, बादल्या ओढायचे. लग्न झाल्यापासून मी हेच बघत आलेय, आत हे आणि वर भावोजी.

दुपारी मी लाँड्रीत होते. रस्ता ओलांडला की लाँड्री, तिथं मी इस्त्री करते. दारात सावली पडली म्हणून मान वर केली तर हे उभे. अंगावर ओला शर्ट, केसांत टाकी धुवायची पांढरी पावडर.

"उतरलो," म्हणाले.

"कुठं?"

"कुठं काय कुठं? टाकीत! आख्खा गेलो आत. आणि बाहेरपण आलो, नाहीतर इथं कोण बोलतंय तुझ्याशी?"

लाँड्रीच्या मालकीणबाई चष्म्यावरून बघायला लागल्या. यांनी शर्ट वर केला आणि मला कंबर दाखवली. दोन्हीकडं सालटं निघाली होती.

"अहो, खाली करा तो शर्ट. दुकान आहे हे."

"असू दे की. वर्षभर चाललोय त्याच्यासाठी."

मालकीणबाईसुद्धा हसल्या. मी म्हटलं, जेवण झाकून ठेवलंय, जेवा आणि जरा पडा. हे म्हणाले भूक सपाटून लागलीय पण बेतानंच खाणार. आणि गेले रस्ता ओलांडून. गाडी येत होती तर थांबले, जाऊ दिली, मग गेले. पळून रस्ता ओलांडणारा माणूस नव्हता तो.

संध्याकाळचं मी पुढे सांगते. आधी यांच्या चालण्याचं सांगते, कारण हे गेल्यावर घरात माणसं भेटायला आली ती सगळी त्याबद्दलच बोलत होती. एक म्हणाला, त्या वयात एवढं चालायची गरजच काय होती. दुसरा म्हणाला, उलट पळायला हवं होतं, पळण्यानं हृदय बळकट होतं, चालून काय होतंय. तिसरे एक होते ते म्हणाले, पळाला असता तर मागच्या वर्षीच गेला असता. समोरचे शिंपी म्हणाले, मी बघा, चालत नाही, पळत नाही, मला काय झालंय? त्यांची बायको तिथंच होती, ती म्हणाली, तुम्हाला काय व्हायचंय, जे काय व्हायचं ते मलाच होतंय. सगळे हसले. मग मी बसलेय हे कोणाच्यातरी लक्षात आलं आणि सगळे गप्प झाले. मला खरं तर त्यांचं बोलणं हवं होतं. गप्प झाले की घर खायला उठायचं.

डॉक्टरांनी मला सांगितलंय, हृदयाची नळी आधीपासूनच बंद होत आली होती. चालण्यानं गेले नाहीत आणि टाकीत उतरल्यानंही गेले नाहीत, तुम्ही मनात काही ठेवू नका. पण लोकांना कोण सांगणार. म्हणून मीच सांगते काय काय झालं ते.

हे आधी जाड नव्हते. शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. कितीतरी महिने पलंगावर. मी कामावर जायचे, लेक लग्न होऊन लांब गेलेली, घरात हे एकटे आणि भिंत. करणार काय? खायचे. येणारे जाणारेही खायलाच आणायचे. पाय जुळून आला तोवर पोट एवढं सुटलं की बूट घालायला मी लागायचे. गल्लीतली पोरं पिंपकाका म्हणायला लागली. हे हसायचे, म्हणायचे, पिंप तर पिंप, पाण्याशीच नातं आहे आपलं.

मग पाय मोडल्यानंतर पहिल्यांदा कामावर गेले. टाकीचं तोंड असतं अरुंद, झाकणाखालचं गोल भोक. हे पाय सोडून आत गेले आणि पोटाशी अडकले. ना खाली, ना वर. भावोजींनी काखेत हात घालून ओढलं, साबणाचं पाणी ओतलं. त्या इमारतीतली माणसं गच्चीवर जमली होती. भावोजी घाबरले की थट्टा करतात, त्यांचा स्वभावच तसा. म्हणाले, "दादा, बाटलीचं बूच झालास की रे." सगळी गच्ची हसली. हे निघाले एकदाचे, पण घरी आले ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

तेव्हापासून आत उतरायला रोजानं एक माणूस यायला लागला. भावोजी तरी काय करणार, ते स्वतः दरवाजाएवढे रुंद आहेत. हे वर उभे राहून मोटर सांभाळायचे. काम चालू होतं, घर चालत होतं. पण मला माहीत होतं यांचं कुठं दुखतंय. हे आत उतरले की गाणी म्हणायचे. आवाज बेसूर, पण टाकीत तो असा घुमायचा की भावोजी वरून ओरडायचे, दादा बंद कर, लोक पाणी प्यायचे नाहीत. वर उभे राहायला लागल्यापासून गाणं बंद. घरीही बोलणं बंदच म्हणा. मी काही विचारलं की हं. जेवलात का, हं. झोपलात का, हं. एका खोलीत दोन माणसं असून मी एकटीच राहत होते. एकदा मीच चिडून म्हटलं, "काय हवंय तरी काय तुम्हाला?"

"मला आत जायचंय," म्हणाले. लहान मूल बोलल्यासारखं.

डॉक्टरांनी पाय तपासला आणि म्हणाले वजन उतरवा, चाला रोज. भावोजींना हे पटेना. "चालून कधी कोणाचं पोट गेलंय का? पोस्टमन जन्मभर चालतो, त्याचं बघ पोट. पळ, दादा. पळालं की चरबी जळते. तू एक तास चालणार ते मी अर्ध्या तासात संपवतो."

"माझा पाय मोडलेला आहे लेका."

"मग मी पळतो, तू चाल. बघू कोण आधी उतरतं टाकीत."

असं सुरू झालं. आमच्या घरामागं शाळेचं मैदान आहे, पहाटे दोघं तिथं जायचे. सुरुवातीला मीपण गेले चार दिवस बघायला. हे कडेनं चालायचे आणि भावोजी मैदानाला फेऱ्या मारत पळायचे, आणि दोघांचं भांडण चालू. पण भावोजी पुढं निघून जायचे ना, मग एक वाक्य बोलून गेले की पुढचं वाक्य पुढच्या फेरीला.

"दादा, गोगलगाय बरी तुझ्यापेक्षा!" गेले पुढं.

हे आपले चालतायत. पूर्ण फेरी मारून भावोजी परत मागून आले की हे म्हणायचे, "गोगलगायीला दम लागलेला बघितलायस कधी?"

भावोजी पुढं. परत फेरी. "दम लागला म्हणजेच जळतंय!"

परत फेरी. "जळतंय आणि मग घरी जाऊन काय गिळतोस ते विचार तुझ्या बायकोला!"

मी बाकावर बसून हसून हसून बेजार. आमच्या घरात कित्येक महिन्यांनी एवढं बोलणं होत होतं, आणि तेही असं हप्त्याहप्त्यानं. मग लाँड्रीची वेळ बदलली, मला जाता येईना. पण खिडकी उघडी ठेवली की भावोजींचं ओरडणं ऐकू यायचं. यांचा आवाज नाही यायचा, ते हळू बोलायचे. मग यांनी काय उत्तर दिलं असेल ते मीच मनात जुळवत भांडी घासायचे.

खोटं कशाला सांगू, आधी भावोजीच उतरले वजनानं. महिन्या दोन महिन्यांत गाल बसले. रेनकोट घालून पळायचे, घाम जास्त येतो म्हणून. घाम म्हणजे चरबीच वितळते असं त्यांना वाटायचं. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले की घामानं गेलेलं वजन परत. यांचं मात्र काहीच दिसेना. हे माझ्यामागं लागले, भाजीत तेल कमी घाल, भात कमी वाढ. मी कमी वाढायचे आणि मग मलाच घास जायचा नाही.

यांनी एक डोकं चालवलं. मोटरचा जुना पाइप घेतला, टाकीच्या तोंडाएवढं कडं केलं आणि खुंटीला टांगलं. दर रविवारी ते डोक्यातून घालून खाली काढायचे. पोटाशी अडलं की परत खुंटीला. एका रविवारी ते पोटावरून खाली उतरलं! घरात नाचायचे बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी रोजाच्या माणसाला नको म्हणाले, स्वतः गेले, आणि परत अडकले. पाइप लवचिक असतो हो. दाबलं की लांबट होतो, अंग जाऊ देतो. सिमेंट कशाला देईल? एवढं साधं आम्हा तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र भावोजी थट्टा करायचे विसरले. घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आता त्याला म्हणावं पुरे. रोजाचा माणूस कायमचा ठेवू. दादानं मोटर सांभाळावी, कमी आहे का ते काम?"

हे आतल्या खोलीतून म्हणाले, "उद्या पहाटे येतोस का नाही मैदानावर?"

भावोजी गेले नाहीत. त्यांचे गुडघे तोवर सुजायला लागले होते. पळणं सुटलं ते सुटलंच, आणि भूक पळणाऱ्याची राहिली ती तशीच, वजन व्याजासकट परत आलं. मी काही पळण्याला नावं ठेवत नाही. लाँड्रीच्या मालकीणबाईंची सून पळते, वेताच्या छडीसारखी आहे. पण तिचे गुडघे तरुण आहेत आणि ती थांबली नाही. हेही थांबले नाहीत एवढंच. यांनी एका पत्र्याच्या ड्रमचं कडं कापून आणलं, न वाकणारं, आणि एकटेच मैदानावर जायला लागले. मी खिडकी उघडी ठेवायचे, पण आता काही ऐकू यायचं नाही. एकटा माणूस कोणाशी भांडणार.

मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाले, "येतो की. कंटाळा आला तरी चालता येतं. पळता नाही येत."

आणि मग तो दिवस. सकाळी घरातून निघताना मला काहीच बोलले नव्हते. पुढचं भावोजींनी सांगितलं मला. रोजाचा माणूस उशिरा येणार होता. यांनी शर्ट काढला, झाकण उचललं, पाय आत सोडले. भावोजी म्हणाले, "दादा, नको रे परत." यांनी दोन्ही हात वर केले, श्वास सोडला, आणि कंबर घासत घासत खाली गेले. भावोजींना दिसलं ते एकदम रिकामं भोक. आतून काही आवाजच नाही. भावोजी ओरडले, "दादा! ए दादा!" आणि मग आतून गाणं आलं. भावोजी म्हणतात, वहिनी, मी म्हटलं नाही बंद कर म्हणून. पूर्ण टाकी धुऊन होईस्तोवर गात होता.

संध्याकाळी मी घरी आले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले. घामानं डबडबलेले, हात छातीवर. म्हणाले, जबड्यात दुखतंय गं. मी भावोजींना हाक मारली, ते वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांनी यांना पाठीवर घेतलं आणि त्या सुजलेल्या गुडघ्यांनी जिना उतरले, पळतच म्हणा. मी मागून चप्पल न घालता. गाडीत यांनी माझा हात धरला होता. दवाखान्याच्या दारापर्यंत धरलेला कळत होता, मग नुसता माझ्या हातात होता.

नंतर कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो दोघंच. भावोजी गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "हलका लागला हो वहिनी पाठीवर. मला कळलंच नव्हतं किती हलका झालाय ते."

आता भावोजींनी तो रोजाचा माणूस कायमचा घेतलाय. मला विचारून घेतला, मी म्हटलं घ्या. लेक आठ दिवस राहून गेली, तिलाही तिचं घर आहे. यांचा फोन मी चालू ठेवलाय, कामाचे फोन त्याच्यावरच येतात, मी भावोजींना निरोप देते.

परवा एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "टाकीवाले का?"

म्हटलं, "मी त्यांच्या घरून बोलतेय."

"अहो, आमच्याकडं टाकी धुतली ना मागे, पाणी इतकं स्वच्छ येतंय. माझ्या बहिणीच्या इमारतीतली धुवायचीय. पण माणूस तोच पाठवा हं."

"कुठला?"

"दोघं आले होते ना. एक जाडा होता, वर मोटर धरून उभा. तो नव्हे. म्हणजे त्यांनाही येऊ द्या, पण आत उतरायला तो दुसरा हवा. तो बारीकसा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? कळलं का कुठला ते? बारीकसा हो, चटकन आत गेला तो, आत गाणी म्हणत होता."

"कळलं," म्हटलं.

"मग सांगाल ना त्यांना?"

"सांगते," म्हटलं, आणि फोन परत चार्जिंगला लावला.