निशाणी अंगठा

शाईच्या पॅडचे झाकण उघडले की त्या वासासरशी माझ्या मनगटावरचा दातांचा व्रण आजही ठणकतो.

चाकूरच्या तहसीलबाहेर मी अर्जनवीस. निरक्षर पक्षकाराचा अंगठा धरून कागदावर दाबणे हा माझा हातखंडा. दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जासाठी एकदा घरी माझ्या आठ वर्षांच्या स्वमग्न मुलीचा, रेणुकेचा अंगठा मी तसाच धरला. ती किंचाळली, कडकडून चावली, कपाळ टेबलावर आपटू लागली. मी तिच्या कानशिलात लगावली. अर्जावर शाईत माझ्या मनगटाचे रक्त मिसळले.

"सोडा तिला! लेकरू हाय ते, तुमचा पक्षकार न्हाई!" पत्नीने मला ढकलले.

आठवड्याच्या भेटीला आलेल्या थेरपीच्या बाई दारातच होत्या. म्हणाल्या, "साहेब, तिचा अंगठा मागू नका. खाली बसा, तुमचा द्या."

मी जमिनीवर बसून हात पसरला. बऱ्याच वेळाने रेणुका जवळ सरकली, माझा अंगठा पॅडमध्ये खुपसला आणि त्याच अर्जावर जोर लावून दाबला; अगदी मी दाबतो तसा.

तेव्हा मला तो अपमान वाटला. तिने आपण होऊन मला प्रथमच हात लावला होता, हे कळायला वर्षे लागली. आता मी कोणाचाही अंगठा धरत नाही. पॅड पुढे सरकवतो आणि थांबतो.