चंद्रावैनींच्या चुलीमागची चौकट

डाळ निम्मी निवडून झाली होती, तेवढ्यात शेजारच्या चंद्रावैनी मागच्या दारानं आल्या. हातात त्यांचंही सूप. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "ताई, येवढं बघता? काल आत्याबाईंच्या दाढंखाली खडा आला. दिवसभर तोंड फिरवून बसल्यात."

मी सूप खिडकीच्या उजेडात ओढलं. खडे होतेच. वैनींच्या मनगटावर भाजल्याचा ओला डाग होता.

"हे कशानं?"

"तवा चुलीवरनं उतरवलाय असं वाटलं. न्हवता उतरवला."

वैनी वाईच्या. लग्न होऊन उंब्रजला आल्या तेव्हा सगळी आळी सुईत दोरा ओवून घ्यायला त्यांच्याकडं जायची. देवीच्या ओटीच्या खणाला त्यांच्यासारखी बारीक टीप कुणाला जमायची नाही. आता त्यांच्या सुईत दोरा मी ओवून देते. कराडच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं, उजवा डोळा गेल्यात जमा. चुलीचा धूर थांबला नाही तर डावाही जाईल.

धूर थांबणार कसा? त्यांच्या सैपाकघराला खिडकी म्हणून आहे ती वीतभर, पार आढ्याजवळ. धूर वर जातो, तिथं दाटतो आणि परत खाली उतरतो. पलटणीत जाण्याआधी त्यांच्या मालकांनी, हंबीररावांनी, ती काढून मोठी बसवायचं ठरवलं होतं. पीरमहंमद सुताराकडून गजांची, दोन झडपांची सागवानी चौकट करून घेतली. रजेवर आलो की बसवू म्हणाले. रजा काही मिळाली नाही. लढाई इटलीत गेली, तिच्यामागं तेही गेले. चौकट गोठ्यात टेकून ठेवलीय, तिच्यावर कोंबड्या बसतात.

आमच्याकडं चौकट बसवायची ती घरधन्यानं. जोडीनं पाटावर बसून हळदकुंकू लावायचं आणि भिंतीचा पहिला दगड धन्यानं काढायचा. धनी लढाईवर असताना भिंतीला हात लावायचा म्हटलं की त्यांच्या सासूबाईंच्या, रंगूआत्यांच्या, अंगावर काटा येतो. ते भय मलाही खोटं वाटत नाही. रोज देवापुढं बसणारी बाई मी, मला कसं वाटेल?

पण तो डाग बघून राहवेना. वैनींबरोबर त्यांच्या घरी गेले. रंगूआत्या देवघरासमोर वाती वळत होत्या.

"आत्या, ह्यांचा डावा डोळा तरी राखायचा असेल तर चौकट बसवायला हवी."

"आली शिकवाय. सवताच्या घरात खिडकी केलीस तवापास्नं तुला दुसरं बोलनं न्हाई."

"मग एकदा येऊन बघा की. दिवसा दिवा लागत नाही, रॉकेल वाचतं. धूर बाहेर जातो, माझा खोकला गेला. डाळीतला खडा दिसतो."

"खड्याचं बोलू नगंस." त्यांचा हात गालाकडं गेला. मग आवाज उतरला. "पोरगं तिकडं गोळीच्या तोंडाला. आन् आमी त्येच्या घराला भगदाड पाडायचं? काय झालं तर कुनाला इचारू?"

वैनी पुढं झाल्या.

"ते माघारी आले आन् मला दिसलेच न्हाईत, तर मी कुनाला इचारू, आत्याबाई?"

रंगूआत्यांनी हातातली वात खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "माझं लगीन खांड्यासंगं लागलं. तुझा सासरा तवा पलटनीत हुता. बोहल्यावर माझ्या शेजारी नुसती तलवार. हंबीराचा फेटा हाय न्हवं ट्रंकंत? त्यो पाटावर ठिवू. तू शेजारी बस. फेट्याला हात लावून पयला दगूड तूच काड."

रिकाम्या पाटावर फेटा. जणू गेलेल्या माणसाची आठवण मांडलेली. वैनींनाही तेच वाटलं असावं.

"त्यो आला की न्हाई माघारी, तुझा सासरा?" रंगूआत्या म्हणाल्या. पण बघत होत्या देवाकडं, आमच्याकडं नाही.

वैनींनी ट्रंक उघडली. कपडे चाचपत फेटा बाहेर काढला, मला दाखवला. "गुलाबीच हाय न्हवं, ताई?"

"गुलाबीच आहे."

त्यांनी तो छातीशी धरला, मग हळूच देवघरापुढच्या पाटावर ठेवला, पुन्हा उचलला आणि सासूच्या मांडीवर दिला. उद्यापर्यंत पाटावर नको म्हणाल्या.

"जा, पीरमहंमदला सांगून या," रंगूआत्या फेट्यावरची सुरकुती सारखी करत म्हणाल्या. "उद्या सकाळी पहार घिऊन ये म्हनावं. माझं मन फिरायच्या आत."

वैनींना उंबरा पायानं चाचपावा लागला, म्हणून मी त्यांचा हात धरला. डाळ घरी तशीच पडली आहे. आधी पीरमहंमदच्या घरी निरोप द्यायचा.