थिजलेली भट्टी

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे विस्तवराव म्हणत. नाव विस्तवाचं, स्वभाव मात्र गार पाण्याचा. त्याला चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मोठ्या भट्टीचा जाळ राखणं हे त्याचं काम. काचेची भट्टी कधी विझू द्यायची नसते. विझली की आतला रस थिजून दगड होतो आणि भट्टी तडकून कायमची बाद होते.

म्हणून संपातही कामगारांचा एक जुना रिवाज होता: सगळे बाहेर, जाळवाले आत. त्यांना कुणी फितूर म्हणायचं नाही. भांडण मालकाशी, भट्टीशी नाही.

त्या वर्षीचा संप लांबला. मालकानंही हट्टाला पेटून फाटकाला टाळं ठोकलं, फक्त जाळवाल्यांसाठी मागचं दार उघडं ठेवलं. घराघरातले डबे रिकामे झाले तशी माणसांची डोकी तापली. एका सकाळी विस्तवराव मागच्या दाराकडे निघाला, तेव्हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "जा दादा, मालकाची भट्टी उबदार ठेव. आमच्या चुली विझल्या तरी चालतील."

कुणीतरी हसलं. बोलणं जिव्हारी लागलं. जन्मात न चिडलेला माणूस नेमका तेव्हा चिडला आणि भावाशेजारी मांडी ठोकून बसला. त्याला बघून बाकीचे जाळवालेही बाहेर आले. धुराड्याचा धूर विरळ होत चाललेला त्याला दिसत होता. उठावंसं वाटे, पण लोक पुन्हा हसतील या लाजेनं तो उठला नाही.

पुढे तडजोड झाली, पगारवाढही कबूल झाली. माणसं हसतखेळत आत शिरली आणि भट्टीपाशी थबकली. वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. नवी भट्टी बांधण्यापेक्षा मालकाला जमीन विकणं परवडलं. सगळ्यांच्या हाती धुपाटणं आलं.

विस्तवराव आता एका गोदामावर राखणदार आहे. धाकटा बाजारात ओझी वाहतो. परवा तो पाठ धरतच दादाच्या घरी आला. वहिनीनं चहा टाकला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं मान खाली घालून विचारलं, "दादा, मी तेव्हा बोललो नसतो, तर तू आत गेला असतास ना?"

गेला असता. रोज हेच तर त्याला खात होतं.

"नाही," विस्तवराव म्हणाला. "मलाच कंटाळा आला होता."

धाकट्यानं मोठा श्वास सोडला. मग त्याचा चेहरा हळूहळू कठीण झाला.

"म्हणजे सगळ्यांना तूच बुडवलंस," तो म्हणाला आणि चहा न घेताच उठला. विस्तवरावानं त्याला अडवलं नाही.