तोंडावरचा स्कार्फ

दोन हजार सालच्या आसपास नाशिकच्या कॉलेज रोडवर तोंड उघडं ठेवून फिरणारी मुलगी गावंढळ समजली जाई. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं स्कार्फमध्ये. विचारलं तर ऊन आणि धूळ. खरं कारण, पोराच्या मागे बाइकवर बसलेलं असताना कुणा मामा-काकानं ओळखू नये. आम्ही हॉस्टेलच्या मुली यात तरबेज होतो आणि स्वतःला फार शहाण्या समजत होतो.

माझी रूममेट घोटीजवळच्या खेड्यातली, भातशेतीवाल्यांची. तिचं आमच्याच वर्गातल्या एकाशी जमलं होतं. तो तिच्यावर हात उचलायचा. एकदा गंगापूर रोडला, भरदिवसा, रसवंतीपाशी त्यानं तिच्या थोबाडीत दिली. लोकांनी पाहिलं आणि पुन्हा रस प्यायला लागले. स्कार्फमधली मुलगी कुणाचीच नसते. गालावरचे वळ झाकायलाही तोच स्कार्फ कामी आला. सोड त्याला, मी सांगून थकले. ती म्हणायची, सोडलं तर तो घरी सांगेल, आणि घरी कळलं की शिक्षण बंद. तिला बी.एस्सी. पूर्ण करायचं होतं. त्या घरातली ती पहिलीच. मला त्याचा इतका संताप यायचा, की वर्गात त्याचं तोंड पाहवत नसे.

दिवाळीच्या सुट्टीला मी तिला महामार्ग स्टँडवर सोडायला गेले. तो आधीच तिथं उभा. जायचं नाही म्हणत त्यानं तिचं मनगट पिरगळलं. मी त्याचा हात ओढत होते, तो जुमानेना. घोटीच्या बसपाशी तिच्याच गावची माणसं पिशव्या घेऊन उभी होती, पण त्यांच्या लेखी ती शहरातली कुणीतरी पोरगी. मोकळ्या हातानं तिनं स्कार्फची गाठ सोडली.

टोपी घातलेले एक म्हातारबाबा जवळ आले. "तू आमच्या आळीतली ना गं? ह्यो कोन हाय?"

"आबा, हा मला मारतो," ती म्हणाली.

गावची माणसं पुढे सरकली तसा त्यानं हात सोडला आणि भरभर बाइककडे निघाला.

पुढे व्हायचं तेच झालं. सुट्टीनंतर ती आली नाही. वडील येऊन तिची गादी आणि ट्रंक घेऊन गेले. संपलं, असंच मी धरून चालले.

एप्रिलमध्ये परीक्षेला ती आली, वडिलांच्या मोटरसायकलवरून, घोटीकडून उन्हातान्हात. तोंड उघडं, चांगलंच रापलेलं. वडील फाटकापाशी सावली बघून बसले, पेपर सुटेपर्यंत. स्कार्फ कुठाय, मी विचारलं.

"आईनं भाकरी गुंडाळायला घेतला," ती म्हणाली, आणि केमिस्ट्रीचा पेपर कुठल्या खोलीत आहे ते विचारलं.