ओढ्यापलीकडचा हौद

परवा आमच्या नांदेडच्या गल्लीत डास मारायची धुराची गाडी आली आणि त्या उग्र वासानं मला लातूरच्या हद्दीवरचा एक कोरडा ओढा आठवला. मी तेव्हा आरोग्यसेविका होते. ओढ्याच्या अलीकडचं गाव माझं, हाकेच्या अंतरावरची पलीकडची वस्ती लातूर जिल्ह्यातली. माझ्या गावात घरोघरी डेंग्यूचा ताप होता. सगळे रांजण, टाक्या घासून झाल्या तरी ताप हटेना. एका सकाळी पलीकडची सेविका ओढ्यात येऊन म्हणाली, "ताई, आमच्याकडं गुरांच्या हौदात अळ्या वळवळून राहिल्यात. साहेब म्हणतात, ताप नांदेडात हाय, तिकडलेच बघतील." मी आमच्या साहेबांना फोन लावला. "तो आपला जिल्हा नाही. तिकडं पाऊल टाकलंत तर नोटीस काढीन," ते म्हणाले. "काढा साहेब. इथं लेकरं तापानं फणफणून राहिलीत, मी चालले," म्हणत मी फोन ठेवला आणि ओढा ओलांडला. हौदाचा मालक आडवा आला. टँकरचं पाणी सांडू देईना. मग आम्ही दोघींनी ते जुन्या लुगड्यातून गाळून पिंपांत भरलं, हौद घासला आणि उन्हात कडकडीत वाळवला. हळूहळू ताप ओसरला. नोटीस मात्र खरंच आली. "गेले होते. गरज पडली तर पुन्हा जाईन," एवढंच उत्तर मी दिलं. आता म्हणे दोन्ही जिल्ह्यांचे कर्मचारी तिथं मिळून डासांची पाहणी करतात. साहेबांनी तेव्हा माझ्याकडून माफीनामा मागितला होता. तो मी आजतागायत दिलेला नाही.