मोठ्या गळ्याचा कार्बोरेटर

दुकानदार स्वतः होऊन स्वस्तातला माल पुढे करतो, तेव्हा मला पहिली शंका येते. तशी ती उल्हासनगरच्या बाजारातही आली. लष्कर छावणी सोडून गेलं आणि बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहू लागली, त्या वर्षांतली गोष्ट. एका बराकीपुढे लष्करी गाड्यांचे सुटे भाग मांडलेले असत. आमच्या जुन्या ट्रकचा कार्बोरेटर झिजला होता, म्हणून मी एकटाच तिथे गेलो. दुकानदाराने इंजिन कोणतं ते विचारलं आणि एक लहानसा कार्बोरेटर माझ्या हातात ठेवला. मी शेजारच्या मोठ्याकडे बोट दाखवलं, ज्याचा गळा, म्हणजे हवा आत जायची वाट, चांगली रुंद होती.

"साईं, छोटा ले जाओ," तो म्हणाला. "इंजिन छोटा है, गला बडा किस वास्ते?"

इथे नक्की पाणी मुरतंय, असं मी धरूनच चाललो. चांगला माल बड्या गिऱ्हाइकासाठी राखतोय आणि भंगार माझ्या गळ्यात मारतोय. मी हट्टाने मोठाच घेतला. तो बसवायला मधे पट्टी घालावी लागली, तीही मी आनंदाने घातली.

ट्रक माझा आणि थोरल्या भावाचा, दोघांचा. बदलापूर गावाजवळच्या भट्ट्यांवरून अंबरनाथला विटा पोचवायच्या. तिथे तेव्हा कारखाने उभे राहत होते. सकाळी दादा चालवायचा, दुपारनंतर मी. टाकीचा काटा मेलेला, म्हणून मी काठी घालून पेट्रोल बघायचो. दोनेक आठवड्यांत ध्यानात आलं, दादाकडून गाडी आली की काठी फारच कमी भिजते. माझ्या पाळीनंतरही ती कमीच भिजत असणार, पण तेव्हा मी कधी मोजलं नाही.

दादाच्या मेहुण्याकडे जांभूळ गावी पाणी उपसायचं इंजिन होतं, पेट्रोलवर चालणारं. दादा आमचं पेट्रोल तिकडेच पोचवतोय, याला मला आणखी पुरावा कशाला हवा होता? एका रविवारी वाकडी वाट करून मी तिथे गेलो आणि इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला. आत कोळ्याने जाळं केलं होतं. मेहुणा मागे उभा होता, हे मला उशिरा कळलं. त्याने चहा दिला.

ते दादाच्या कानावर गेलं. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने वहिनीच्या हाती किल्ली पाठवली आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला लागला. मनात खोट होती म्हणूनच गुपचूप सटकला, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं.

पुढचा आठवडा दोन्ही पाळ्या मीच चालवल्या. पेट्रोल तितकंच गेलं. मग मी पहिल्यांदा गाडीच्या मागे नीट बघितलं. धूर काळा होता. प्लग काढले, तर काजळीने माखलेले. पाय दाबला की इंजिन आधी गुदमरायचं, हे तर मला रोज कळत होतं. पेट्रोल दादा नव्हे, मी हट्टाने घेतलेला कार्बोरेटर पीत होता.

ट्रक घेऊन मी पुन्हा उल्हासनगरला गेलो, तेव्हा दुकानदाराने तोच लहान कार्बोरेटर काढला आणि स्वतः बसवून दिला. "गला बडा तो हवा सुस्त," तो म्हणाला. "पेट्रोल उडता नहीं, बहता है." इंजिन चालू ठेवून तो एक स्क्रू आत पिळत गेला. इंजिन अडखळलं, तसा केसभर मागे आला, कान देऊन ऐकलं, पुन्हा केसभर मागे. तेव्हाही माझी नजर त्याच्या हातांवरच होती, दुसरा एखादा भाग काढून घेतोय की काय म्हणून. अखेर आवाज एकसारखा झाला. त्यानंतर पेट्रोल पुरू लागलं आणि प्लगही विटकरी रंगाचे निघू लागले.

त्याच आठवड्यात चिखलोलीजवळ दादा कामावर पायी जाताना दिसला. शेजारी गाडी थांबवून मी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. लाज वाटत होती. तो इंजिन ऐकत उभा राहिला.

"आता बरा चालतोय," म्हणाला.

मी पलीकडचं दार उघडलं. "बस दादा, सोडतो तुला."

"नको रे," तो म्हणाला. "पेट्रोल कमी व्हईल तुजा."